बंद ठेवलेले इलेक्ट्रॉन

अपघाताच्या चौकशी समितीच्या अहवालात, एकेचाळिसाव्या पानावर एक आलेख होता. निळी रेघ डावीकडून थरथरत येत होती, मध्येच थोडा वेळ अगदी गुळगुळीत होत होती आणि पुढे पुन्हा थरथरत खाली कोसळत होती. करुणा रामटेकेने ते पान दोनदा पाहिलं आणि आलेखामागचे मूळ आकडे मागवून घेतले. गुळगुळीत भागातला एकेक आकडा आधीच्या आकड्यापासून नेमक्या सारख्या अंतरावर होता. सेकंदाच्या चाळीस हजाराव्या भागाचं ते अंतर तिने स्वतःच सहा वर्षांपूर्वी ठरवलं होतं. म्हणजे हा भाग कुठल्याही उपकरणाने मोजलेला नव्हता. तो तिच्या सॉफ्टवेअरने लिहिला होता, आणि अहवाल तयार करणाऱ्या कुणीतरी तो मोजलेल्या रेघेत त्याच निळ्या रंगाने शिवून टाकला होता.

त्या शिवलेल्या सेकंदाच्या जोरावर मोरेश्वर उराडे नावाच्या माणसावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होणार होता.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या खैरगावचं कोळशाचं वीजकेंद्र बंद होऊन त्याच आवारात संलयन भट्टी उभी राहिली, त्याला चार वर्षं झाली होती. सूर्याच्या पोटात जे चालतं ते इथे एका पोकळ पोलादी कड्यात चालायचं. हायड्रोजनचे दोन जड भाऊबंद घ्यायचे आणि पंधरा कोटी अंशांपर्यंत तापवायचे. एवढ्या उष्णतेत अणू शाबूत राहत नाही. इलेक्ट्रॉन सुटे होतात, गाभे सुटे होतात आणि विजेने भारलेला एक लोट तयार होतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्याला पोटात ठेवील असं भांडं जगात नाही, म्हणून तो चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरायचा. ती पकड सुटली की सगळी ऊर्जा क्षणार्धात भिंतीवर येते.

पकड कधी सुटेल ते आधी कळावं म्हणून 'वलय' हे सॉफ्टवेअर होतं. प्लाझ्मातला प्रत्येक कण मोजणं कुठल्याच संगणकाच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून 'वलय' कोट्यवधी कणांचा मिळून एक कण धरायचं, कड्यातल्या पोकळीचे बारीक चौकोन पाडायचं, आणि पुण्यातल्या महासंगणकाचे लाखभर प्रोसेसर एकदम कामाला लावून कोण पुढच्या क्षणी कुठे असेल ते काढायचं. अडचण वेळेची होती. काहीही न गाळता एका सेकंदाचं गणित सोडवायला अकरा दिवस लागत, आणि नियंत्रण कक्षाला उत्तर हवं होतं ते गोष्ट घडायच्या आत. नव्या चालकांना शिकवण्यासाठी करुणाने एक वेगवान आवृत्ती केली होती. तिच्यात चौकोन मोठे होते, कण कमी होते आणि पळपुटे इलेक्ट्रॉन बंद होते.

पळपुटे इलेक्ट्रॉन म्हणजे गर्दीतून निसटलेले मूठभर कण. प्लाझ्मा अचानक थंड झाला की त्याच्यात विजेचा दाब वाढतो, आणि काही इलेक्ट्रॉन कुणालाही न धडकता वेग घेत सुटतात, थेट प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोचतात. मग ते भिंतीत ड्रिलसारखे घुसतात. त्यांचं गणित सगळ्यांत वेळखाऊ, म्हणून करुणाने एक ओळ ठेवली होती: ते धरायचे तर 'हो', सोडायचे तर 'नाही'. माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर तिने लिहिलं होतं की ही आवृत्ती फक्त प्रशिक्षणासाठी आहे, हिच्यावरून निर्णय घेऊ नयेत.

भट्टी ग्रिडला जोडायची तारीख जवळ आली तेव्हा हीच आवृत्ती नियंत्रण कक्षात बसवली गेली. करुणाने हरकतीचं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. पुढे तिच्याकडे दुसरं काम आलं.

---

डॉ. यशोधन परचुरे पुण्याच्या केंद्राचे संचालक होते आणि 'वलय'चे दुसरे लेखक. करुणा नागपूरहून संशोधनाला आली तेव्हा तिच्या इंग्रजीला हसणारे बरेच होते. परचुऱ्यांनी तिला टेबल दिलं, महासंगणकाचा वेळ दिला, आणि पहिल्या मोठ्या परिषदेत स्वतः मागच्या रांगेत बसून तिला व्यासपीठावर पाठवलं. त्यांच्या खोलीत शिरताना आजही ती दारावर टकटक करायची.

"तुझी सही राहिलीय," ते म्हणाले आणि कागद पुढे सरकवला. संगणकीय प्रतिकृती पुरावा म्हणून धरायची तर ती विश्वासार्ह असल्याचं प्रमाणपत्र तिच्या सर्व मूळ लेखकांनी द्यावं, असा नवा कायदा होता. परचुऱ्यांची सही झालेली होती.

"सर, एकेचाळिसावं पान पाहिलंत?"

"पाहिलं."

"तिथे एक सेकंद आणि तीन दशांश मोजमापच नाहीये. क्ष-किरणांचं उपकरण तेवढा वेळ दिपून गेलं होतं. त्या जागी आपलं गणित भरलंय."

"तशी तळटीप आहे."

"एकशे बाराव्या पानावर आहे. 'पूरक माहिती' एवढेच दोन शब्द. आणि कॅमेऱ्याची चित्रं कुठे आहेत?"

परचुऱ्यांनी चष्मा काढला. "ती साठवलेली नाहीत. 'वलय' ज्या क्षणांना शांत म्हणेल त्यांची चित्रं ठेवायची नाहीत, असं जागेसाठी ठरलं होतं."

"म्हणजे 'वलय' म्हणालं काही घडलं नाही, म्हणून चित्रं पुसली. आता चित्रं नाहीत, म्हणून 'वलय' म्हणतं तेच खरं."

"करुणा, देशात आणखी चार भट्ट्या याच आवृत्तीवर चालतात. ती आंधळी आहे असं तूच म्हणालीस तर उद्या चारही बंद होतील. कोळसा पुन्हा पेटवावा लागेल. तुला ते चालणार आहे?"

"उराडे काय सांगतोय ते कुणीतरी तपासावं, एवढंच माझं म्हणणं आहे."

"तो पाळीवर होता, घाबरला आणि बटण दाबून बसला. माणसं घाबरतात. त्याची नोकरी जाईल, शिक्षा बहुधा होणारही नाही. एका माणसासाठी तू पाच भट्ट्या पणाला लावणार?"

"एक माणूस आधीच मेलाय, सर. तुम्ही त्या दोघांनाही एकाच कागदाखाली गाडताय."

ती सही न करता बाहेर पडली. चार वाजेपर्यंत महासंगणकाने तिचा पासवर्ड ओळखणं बंद केलं होतं. बारा वर्षं ज्या सॉफ्टवेअरवर तिने काम केलं ते उघडून वाचायचीही तिला परवानगी उरली नव्हती. तिने चार दिवसांची रजा टाकली आणि चंद्रपूरला गेली.

---

उराडेच्या क्वार्टरच्या दारावर कुणीतरी डांबराने 'खुनी' असं लिहिलं होतं. पुसायचा प्रयत्न झालेला दिसत होता. त्याने ती अक्षरं आणखी पसरली होती.

मोरेश्वर उराडे चोपन्न वर्षांचा होता. बावीस वर्षं त्याने कोळशाच्या बॉयलरवर काढली होती, मग दोन वर्षं शिकून परीक्षा देऊन तो भट्टीचा पाळीप्रमुख झाला होता. त्याच्या बायकोने चहा ठेवला आणि ती आत निघून गेली.

"तुमी पुण्याहून आल्या म्हणून सांगतो मॅडम," तो म्हणाला, "नाहीतर सांगणं सोडूनच देलं आता मी."

"मला सगळं सांगा, भाऊ. अगदी घडलं तसं."

"अकरा वीस झाले होते सकाळचे. 'वलय'चा पडदा हिरवा. मी कॅमेऱ्याकडे पाहून राहिलो होतो. सवय हाय माझी, बॉयलरवर होतो तई बी ज्वाळेकडेच पाहाचो. तं वरून एक ठिणगी सुटली, पांढरी. भिंतीचा टवका असन. तो आत पडला अन् प्लाझ्मा एका बाजूनं मलूल झाला. पडदा हिरवाच. म्हटलं, हे काई खरं नाही. बटण दाबलं."

"ठिणगी दिसल्यावर किती वेळाने?"

"एक श्वास घेतला असन मधात. जास्त नाही."

त्या बटणाने भट्टीत निऑन वायूचा झोत सुटतो आणि प्लाझ्मा विझतो. त्या दिवशीही विझला. पण तोवर भिंतीला भोक पडलं होतं. भिंतीमागच्या थंड पाण्याची क्षणात वाफ झाली, दाब नळीतून उलटा पंपघरापर्यंत गेला आणि तिथला सांधा फुटला. किसना आत्राम नावाचा कंत्राटी फिटर सांध्याशेजारी व्हॉल्व्ह बदलत होता. तो तिसऱ्या दिवशी गेला. समितीचं म्हणणं असं की प्लाझ्मा स्थिर होता, उराडेने विनाकारण निऑन सोडला, त्या अचानक आलेल्या थंडीनेच सगळं बिघडलं. प्रतिकृतीची रंगीत फिल्म तीन दिवस टीव्हीवर चालली. तीत सगळं हिरवं होतं आणि मग एक हात बटणावर पडत होता. तो हातही संगणकाने काढलेला होता.

"किसना अन् मी एकाच गाडीवर यायचो," उराडे म्हणाला. "त्याची बायको परवा बाजारात दिसली. माझ्या पायापाशी थुंकली. मी काई बोललो नाही. तिले वाटते मी मारलं. बरोबर हाय तिचं, सरकारी कागद म्हणते तसं." त्याने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "मी डोयानं पाहिलं ते खोटं, अन् संगणकानं न पाहिलेलं खरं. हे कोणाच्या घरचं शास्त्र हाय मॅडम? मले फक्त एवढं सांगा."

करुणाला संताप आला, आणि त्या संतापाच्या यादीत तिचं स्वतःचं नावही होतं. पण ती ओळ आपणच लिहिली हे तिने त्याला सांगितलं नाही. जीभ रेटली नाही.

"भिंतीवरची ती धातूची फरशी कुठे आहे? भोक पडलेली?"

"जाड डब्यात बंद करून ठेवली, किरणोत्साराच्या कोठीत. पुढच्या महिन्यात पुरणार हायेत म्हणे."

"ती कुणी तपासली?"

उराडेने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने भलतंच विचारलं. "काहून तपासतील? संगणकानं सांगलं ना सगळं."

---

समितीची सुनावणी नागपुरात होती. अध्यक्ष देशकर हे निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या डाव्या हाताला भट्टी चालवणाऱ्या कंपनीचे वकील, समोरच्या रांगेत परचुरे, आणि शेवटच्या खुर्चीवर इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला उराडे. वकिलांनी फिल्म पुन्हा दाखवली. मग देशकरांनी करुणाला विचारलं की प्रमाणपत्रावर सही का नाही.

"कारण या प्रतिकृतीने काहीच पाहिलेलं नाही," करुणा म्हणाली. "ज्या कणांनी भिंतीला भोक पडतं ते कण तिच्यात बंद आहेत. ते नाहीतच असं धरून तिला विचारलं की धोका आहे का. ती नाही म्हणाली. हे उत्तर तुम्ही साक्ष म्हणून घेतलंत, आणि जो माणूस तिथे बसून पाहत होता त्याची साक्ष घाबरट माणसाची म्हणून टाकून दिलीत."

"मग ते कण धरून केलेलं गणित आमच्यापुढे ठेवा," देशकर म्हणाले.

"महासंगणक वापरायची माझी परवानगी डॉ. परचुऱ्यांनी काढून घेतली आहे. पण ती असती तरी मी गणित आणलं नसतं, साहेब."

वकील हसले. "म्हणजे बाईंकडे पुरावा नाही."

"मी एक गणित आणेन, तुम्ही दुसरं आणाल. ज्याचा संगणक मोठा त्याची फिल्म जास्त सुंदर होईल. भट्टीला खरीखुरी भिंत आहे. तिला जे झालं ते तिच्या अंगावर आहे. सात महिने ती फरशी डब्यात पडून आहे आणि एकाही माणसाने तो डबा उघडलेला नाही. महिन्याभरात ती पुरली जाईल, मग कुणालाच काही विचारता येणार नाही."

"फरशीवरून काय कळणार?"

"भोक आधी पडलं की बटण आधी दाबलं गेलं, ते. बटण दाबलं की निऑन येतो. धातू वितळून पुन्हा थिजताना भोवतालचा वायू थोडासा पोटात अडकवून ठेवतो. उराडेंनी बटण दाबल्यामुळे भोक पडलं असेल, तर भोकाच्या तळाशी थिजलेल्या धातूत निऑन सापडेल. भोक आधीच पडलं असेल, तर तळाशी निऑन नसेल."

वकील उभे राहिले. किरणोत्सारी वस्तू उघडण्याचा धोका, लागणारा काळ, परवानग्या, असं बरंच बोलले. देशकरांनी त्यांचं संपू दिलं आणि मान वळवली.

"डॉ. परचुरे, या बाई सांगतात ते शास्त्राला धरून आहे का?"

करुणाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिला वाटलं, आता ते तळटिपेसारखं काहीतरी बोलतील.

"आहे," ते म्हणाले.

"मग हे तुम्ही आम्हाला सात महिन्यांत का सांगितलं नाही?"



---

फरशी जाड काचेआड यांत्रिक हातांनी कापली गेली. भोक पेन्सिलीएवढं अरुंद होतं आणि मागच्या नळीपर्यंत सरळ गेलेलं होतं. काठावर उडालेल्या धातूच्या थेंबांत निऑन होता. तळाशी नव्हता. उराडेच्या त्या एका श्वासातच, बटण दाबायच्या आधी, पळपुट्या इलेक्ट्रॉनांनी भिंत भेदली होती. त्याने बटण दाबलं म्हणून भोक एकच राहिलं.

समितीने चार पानांची पुरवणी काढली. तिच्यात एक वाक्य होतं: चालकाची चूक सिद्ध होत नाही. माफी कुणी मागितली नाही. तीन दिवस फिल्म दाखवणाऱ्या वाहिन्यांना चार पानं वाचायला सवड मिळाली नाही. पाचही भट्ट्यांवर आता पळपुटे इलेक्ट्रॉन धरूनच गणित करायचं असा आदेश निघाला. गणिताचा वेग कमी पडू लागला, म्हणून भट्ट्या साठ टक्के जोरावर चालवायच्या ठरल्या. कोळसा कुठेच पेटवावा लागला नाही. विदर्भात दुपारी दोन तास वीज जाऊ लागली, आणि लोक त्यासाठी 'त्या पुण्याच्या बाईला' शिव्या देऊ लागले.

परचुऱ्यांनी करुणाला फोन केला. पासवर्ड पुन्हा चालू केलाय, म्हणाले. वेग वाढवायचं काम तिच्याशिवाय होणार नव्हतं.

"आलेखात मोजमाप नसेल तिथे रेघ तुटलेली दिसली पाहिजे," ती म्हणाली. "गणित वेगळ्या रंगात. हे लेखी द्या, मग येते."

"देतो." मग त्यांनी विचारलं, "तुझा माझ्यावर राग आहे?"

"हो, सर," करुणा म्हणाली. मग तिने फोन ठेवला.

उराडेला कंपनीने भांडारात जागा देऊ केली. त्याने ती घेतली नाही, मुदतीआधीच निवृत्ती घेतली. दारावरचं डांबर त्याने पटाशीने खरवडून काढलं. मग एक दिवस त्याने करुणाला फोन केला.

"एक काम हाय मॅडम. किसनाच्या घरी जायचं हाय. मी एकटा गेलो तं ते बाई ऐकून घेणार नाही."

---

सगुणा आत्राम अंगणात बाजेवर बसली होती. उराडेला पाहून ती उठून आत जायला निघाली, मग करुणाला पाहून थांबली. पुरवणी अहवाल तिलाही पोस्टाने आला होता. तिने तो आतून आणला. दहावीपर्यंत शिकलेली बाई होती, सगळं वाचलेलं दिसत होतं. काही शब्दांखाली पेनाने रेघा होत्या.

"चालकाची चूक सिद्ध होत नाही," तिने वाचून दाखवलं. मग उराडेकडे पाहिलं. "बसा तुमी भाऊ. खाली नका बसू, बाजेवर बसा."

उराडे बाजेच्या टोकावर बसला.

"मंग कोनाची सिद्ध होते?" सगुणाने करुणाला विचारलं. "याच्यात किसनाचं नाव एकदा हाय. बाकी कोनाचंच नाव नाही. आवृत्ती हाय, प्रक्रिया हाय. प्रणालीतील उणीव, असं चार वेळा लिवलं हाय. हे प्रणाली कोन हाय ताई? कुठं राहाते ते?"

करुणाने सांगायला सुरुवात केली. गणित फार मोठं होतं, वेळ कमी होता, म्हणून त्यातले काही कण बंद ठेवले होते, त्यामुळे धोका पडद्यावर दिसला नाही.

"कोनं बंद ठेवले?"

अंगणात पलीकडे कुणीतरी धान पाखडत होतं.

"बंद करायची सोय मी केली," करुणा म्हणाली. "शिकवण्यापुरती. भट्टीवर तीच वापरायची असं डॉ. परचुऱ्यांनी ठरवलं. मंजुरीवर कंपनीच्या प्रकल्पप्रमुखाची सही आहे. चित्रं पुसायचा नियम त्यांच्या माहिती विभागाने केला. मी हरकतीचं एक पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही, तेव्हा दुसरं लिहिलं नाही."

उराडेने चमकून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या घरी बसून तिने त्याचा चहा घेतला होता आणि हे सांगितलं नव्हतं. त्याने नजर दुसरीकडे वळवली. शिव्या खाण्यापेक्षा ते करुणाला जड गेलं.

सगुणाने अहवाल उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिने पेन करुणाच्या हातात दिला.

"लिवा."

"काय लिहू?"

"आता सांगितलं तेच. कोनं काय केलं, नावासकट. सायबाच्या भाषेत नको. मले वाचता आलं पाहिजे."

करुणाने लिहिलं. सर्वांत वर स्वतःचं नाव, त्यापुढे ती ओळ आणि न लिहिलेलं दुसरं पत्र. मग परचुरे. मग प्रकल्पप्रमुख, मग माहिती विभागाचा अधिकारी. प्रत्येक नावापुढे एक साधं वाक्य. लिहायला फार वेळ लागला नाही. चार पानांच्या पुरवणीत जे मावलं नव्हतं ते अर्ध्या पानात मावलं.

सगुणाने एकेक नाव मोठ्याने वाचलं. एका आडनावाशी अडखळली, करुणाने सांगितलं, तिने पुन्हा वाचलं. मग कागदाची घडी घालून तो कमरेला खोचला आणि दारामागची चप्पल पायात सरकवली.

"ठाण्यात जातो मी," ती म्हणाली.

"मी पण येते," करुणा म्हणाली.

"तुमाले तं यावंच लागन," सगुणा फाटक उघडत म्हणाली. "पयलं नाव तुमचंच हाय."